बॉनेटवर दोन थापा

जानेवारीत बुदैयाच्या रस्त्यालगत
खजुराच्या बागांवरून थंडी येते, ओलसर,
अंगाला चिकटणारी.
गाड्या तेवढ्या रात्री उशिरापर्यंत
पोटात थोडी ऊब धरून उभ्या असतात.
त्या उबेला कुणीतरी येतं.

उम्म नबीलच्या गाडीचा डावा दिवा लागेना.
बॉनेट उघडलं, तर वायरींचा जुडगा कुरतडलेला,
बॅटरीशेजारी अर्धी पाल,
आणि धुळीवर पावलं, नखांसकट.
शेर जमान सनाइयातून आला, नसवार थुंकून म्हणाला,
"मांजर नाही हे. पंचेचाळीस दिनार."
दोन्ही वाक्यं एकाच दमात.

माळी मी, चौकीदार मी, नळ गळला तर प्लंबर मी.
आता हे नवं खातं.
डांबराच्या गोळ्या बांधल्या इंजिनापाशी;
दोन दिवस गाडीला
सुट्टीवरून आणलेल्या माझ्या ट्रंकेचा वास.
मिरचीपूड टाकली,
तर उम्म नबीलच शिंकत शाळेत गेल्या.
मग कोंबड्यांची जाळी पसरली चाकांखाली,
पायाखालचं हललेलं त्याला खपत नाही म्हणे.
मला तरी कुठे खपतं.

हाजी महदी खुर्ची टाकून बघत बसायचे.
"निम्स," म्हणाले, "निम्स हिंदी.
माझा आजा सांगायचा, तांदळाच्या गोणींतून आला, गलबतावर.
तुझा गाववाला. तूच समजाव त्याला."
मी हसलो,
पगार देणाऱ्याच्या विनोदाला हसतात तेवढा.

पिंजरा आणला. आत साफी माशाचं डोकं.
तिसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, खट्.

करडं अंग, मीठमिरी भुरभुरल्यासारखं.
शेपटी फुलवून, कोपऱ्यात,
माझ्याकडे पाठ.

आरवलीत शाळेच्या वाटेवर
करवंदीच्या जाळीत असं शेपूट दिसलं
की आम्ही पोरं शपथा घालायचो: तोंड दाखव.
दाखवलं तर गणिताचा पेपर सोपा.
इथल्या बाविसाव्या वर्षी, दुखरे गुडघे टेकून,
तेच म्हणालो मी, हळू, मालवणीत.
फिसकारलं फक्त.
मालवणी कळली असावी.

हाजी म्हणाले, लांब सोड, सखीरच्या पुढे.
पिंजरा पिकअपमध्ये, वर ओलं गोणपाट.
घरं संपली, झाडं संपली,
तेलाच्या नळ्या रस्त्याला समांतर धावू लागल्या.
थांबलो.
नजर पोचेल तिथवर सपाट उजेड,
अंग लपवायला झुडूपही नाही.
हे पाणी कुठं पिणार?
इंडिकेटर टिकटिकत राहिला बराच वेळ,
डावा की उजवा ते पाहिलंही नाही.
मग गाडी वळवली.

बारबारला एका बागेमागे
जुना झरा आहे, आटलेला,
पण शेजारचा नळ ठिबकतो.
तिथं पिंजऱ्याचं दार वर केलं.
लगेच निघालं नाही.
आणि मग एकदम नव्हतंच.

आमच्या गेटपासून सातशे पावलं.
मला ती पाठ आहेत, कारण विचारू नका.
"लांब सोडलंस?"
"लांब, हाजी."

आता वायरींवर जाड रबरी नळी चढवली आहे,
खालच्या फटीला पत्रा मारला आहे.
पंधरा दिवस काही नाही.
काल पत्र्याच्या कडेला एक करडा केस.
बोटावर घेतला, फुंकला.

रोज सकाळी, उम्म नबील किल्ली शोधत असताना,
मी पुढे होऊन बॉनेटवर दोनदा थापतो.
जोरात नाही.
आत कुणी असेल तर
त्याला उठून पांघरूण सावरता यावं, इतपत.